सैल सोडणे आणि सैल सुटणे

इंग्रजी भाषेत ‘लॅक्स’ म्हणून एक इवलेसे विशेषण आहे. नियमाचा, शिस्तीचा किंवा कर्तव्याचा जेवढा ताण राहावयास पाहिजे तेवढा जेथे राहिलेला नाही, तेथे ते लावतात. कोश उघडला तर त्यापुढे सैल, ढिला, शिथिल असे प्रतिशब्द सापडतात आणि विद्यार्थी समाधानाने कोश मिटतो. त्याच्याच घराण्यातले वाटणारे दुसरे विशेषण ‘लीनियंट’. त्याचा अर्थ सौम्य, क्षमाशील, नरम. कॉलेजात अनेक वर्षे इंग्रजी शिकविताना आम्हांस असे दिसून आले आहे की, आमचे तरुण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी खुशाल बसवितात. आणि खरे सांगावयाचे तर तरुणच काय, त्यांचे वडीलधारेही मराठीत बोलताना हाच घोटाळा करतात. मुलावर न रागावणाऱ्या बापास आपण ‘ढिला’ म्हणतो, आणि कचेरीत लोकांचे कागद महिनोन्महिने पडू देणाऱ्या अधिकाऱ्यास ‘कोणाला दुखवीत नाही हो’ म्हणून वाखाणतो.

घोटाळा केवळ शब्दांचा असता तर त्याकरिता वाचकांचा वेळ घेण्याचे कारण नव्हते. परंतु शब्दांतला घोटाळा पुढे वर्तनात उतरतो. ढिले म्हणवून घेण्याच्या भीतीने माणसे कठोर होतात, आणि कठोर म्हणवून घेण्याच्या भीतीने ढिली होतात. या दोहोंवाचून तिसरी वाट आहे, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. ती वाट शोधण्यासाठी प्रथम या शब्दांचे कूळ पाहावे, आणि मग बीड जिल्ह्यात गोदावरीच्या काठी अडीचशेहून अधिक वर्षांमागे घडलेल्या एका प्रसंगावर त्यांची पारख करावी, असे आम्ही योजिले आहे.

‘लॅक्स’ हा शब्द लॅटिन ‘लॅक्सुस’ यावरून आला. त्याचा मूळ अर्थ सैल, मोकळा, ऐसपैस. इंग्रजीत तो सुमारे १४०० च्या सुमारास अवतरला तो वैद्याच्या घरी: कोठा सैल झाला, पोट बिघडले, की हे विशेषण लावीत. पुढे त्याच शतकात तो नियमांना व शिस्तीला लागू झाला. ‘लीनियंट’चे मूळ ‘लेनिस’, म्हणजे मऊ, मृदु. हाही शब्द इंग्रजीत प्रथम वैद्यकाच्याच आश्रयाने वावरला. परंतु दाह शमविणाऱ्या, दुखरा भाग शांत करणाऱ्या द्रव्याचे ते विशेषण होते. दयाळूपणाने शिक्षा कमी करणारा, हा आजचा अर्थ त्यास अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला. म्हणजे या दोन शब्दांपैकी एक मुळात रोगाचा आहे आणि दुसरा औषधाचा. एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ काम झाले.

आता त्यांचे विरोधी शब्द पाहावे. ‘स्ट्रिक्ट’ हा शब्द ताणून बांधणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला; ‘हार्श’ या शब्दाचा जुना अर्थ हाताला खरखरीत लागणारा. तेव्हा ‘लॅक्स’ आणि ‘स्ट्रिक्ट’ हे जोडपे दोरीच्या ताणाविषयी बोलते, आणि ‘लीनियंट’ व ‘हार्श’ हे जोडपे स्पर्शाविषयी. ही दोन निरनिराळी मापे आहेत. दोरी ताणलेली असून स्पर्श मऊ असू शकतो. तशीच दोरी सैल असून हात खरखरीत असू शकतो. शिथिल मनुष्य दयाळू असेलच असे नाही, आणि दक्ष मनुष्य निष्ठुर असेलच असेही नाही.

इंग्रजांच्या नित्याच्या बोलण्यात हा भेद सहज पाळला जातो. न्यायाधीशाने दिलेली शिक्षा थोडी असेल तर ती शिक्षा ‘लीनियंट’. परंतु कैदी पळून जातील इतका तुरुंगाचा पहारा ढिसाळ असेल तर तो पहारा ‘लॅक्स’. शिक्षेस सहसा कोणी ‘लॅक्स’ म्हणत नाही आणि पहाऱ्यास ‘लीनियंट’ म्हणत नाही. आमच्या व्यवसायातले उदाहरण द्यावयाचे तर, सौम्य परीक्षक प्रत्येक उत्तर वाचतो, चूक कोठे झाली ते ओळखतो, आणि मुलाची धडपड पाहून अर्धा गुण पदरात घालतो. शिथिल परीक्षक उत्तर वाचीतच नाही. दोघांनी दिलेले गुण कदाचित सारखेच भरतील. परंतु एकाने गुण दिले आणि दुसऱ्याकडून ते गेले. म्हणूनच ‘लीनियंट’ शब्दात प्रसंगानुसार स्तुतीही असते आणि निंदाही. ‘लॅक्स’ शब्दात मात्र, तो माणसाच्या वागणुकीस लावला असता, निंदेवाचून दुसरे काही नसते.

मराठीला हा भेद ठाऊक नाही असे मात्र कोणी समजू नये. आपली भाषा तो विशेषणांत नव्हे, क्रियापदांत सांभाळते. आपण ‘सोडतो’ आणि आपल्या हातून ‘सुटते’. ओळखीच्या वाटेवर गाडीवान कासरा सैल सोडतो. बैल आपल्या चालीने चालतात, पण कासऱ्याचे टोक गाडीवानाच्या मुठीत असते आणि उतार आला की तो मूठ आवळतो. तोच गाडीवान झोपी गेला म्हणजे कासरा सैल सुटतो. दुरून पाहणाऱ्यास दोन्ही वेळी दोरी लोंबतच असलेली दिसते. भेद दोरीत नाही, मुठीत आहे. पतंग उडविणारा मुलगा ढील देतो म्हणून त्यास कोणी ढिला म्हणत नाही. ‘दोष सोडून दिला’ आणि ‘दोष नजरेतून सुटला’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेच ‘लीनियंट’ आणि ‘लॅक्स’ यांतले अंतर होय.

ही चर्चा हवेत राहू नये म्हणून आता राक्षसभुवनाकडे वळू. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या दक्षिण तीरावर, गेवराई तालुक्यात हे गाव आहे. भाविकांस ते शनीचे क्षेत्र म्हणून ठाऊक आहे, तर इतिहासाच्या वाचकांस १० ऑगस्ट १७६३ च्या लढाईमुळे. त्या दिवशी पेशव्यांनी निजाम अलीच्या फौजेचा मोठा पराभव केला, हे शाळेतली मुलेही सांगतील. पण त्या लढाईच्या आधीची दोन वर्षे आणि नंतरचे काही महिने यांत सैल सोडण्याचे आणि सैल सुटण्याचे जवळजवळ सर्व प्रकार एकत्र पाहावयास मिळतात, याकडे सहसा लक्ष जात नाही.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले, जूनमध्ये नानासाहेब पेशवे निवर्तले, आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. कारभार चुलते रघुनाथराव यांच्या हाती होता. मराठ्यांची ही विपन्न स्थिती पाहून त्याच वर्षाच्या अखेरीस निजाम अली पुण्याच्या रोखाने चालून आला. वाटेत टोके आणि प्रवरासंगम येथील देवळांची त्याने नासधूस केली. पुण्याजवळ उरुळीच्या बाजूस मराठी फौजांनी त्याची कोंडी केली. शत्रू हाती सापडला होता. असे असता जानेवारी १७६२ मध्ये रघुनाथरावांनी तह करून त्यास फारशी अद्दल न घडविता जाऊ दिले. पुढेमागे पुतण्याशी बिनसल्यास निजाम आपल्या उपयोगी पडावा, असा हेतू त्यामागे होता, असे इतिहासकारांनी अनुमान केले आहे. आणि पुढची हकिकत त्या अनुमानास पुष्टीच देते.

यास औदार्य म्हणावयाचे काय? वरवर पाहता ही क्षमा दिसते. परंतु क्षमा करणारा जे सोडतो ते त्याचे स्वतःचे असावे लागते. येथे दौलतीचे कार्य खासगी सोयीसाठी हातातून जाऊ दिले गेले. स्पर्श मऊ होता, पण दोरीचे टोक मुठीत नव्हते. ते शैथिल्यच होय, फक्त त्याने सौम्यतेचा अंगरखा घातला होता.

पुढे त्याच वर्षी चुलत्या-पुतण्यांत तंटा विकोपास गेला. नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदीच्या व आळेगावच्या बाजूस दोन्ही पक्षांची गाठ पडली, आणि रघुनाथरावांच्या पाठीशी निजामाची मदत उभी राहिली. तेव्हा माधवरावांनी आपण होऊन चुलत्याच्या छावणीत जाऊन त्यांच्या स्वाधीन होणे पत्करले. हे कित्येकांस दुबळेपणाचे वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. घरातल्या भांडणात परका हात घालील आणि दौलत दुभंगेल, हे जाणून त्या सतरा वर्षांच्या तरुणाने हेतुपुरस्सर ढील दिली. आपण काय सोडीत आहोत आणि कशासाठी, हे त्यास ठाऊक होते. दोरी सैल दिसत होती, मूठ मिटलेली होती.

सत्ता हाती येताच रघुनाथरावांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. उरुळीस शत्रूशी इतके मऊ वागलेले हेच गृहस्थ आता स्वकीयांशी विलक्षण कठोर झाले. भवानरावाकडून प्रतिनिधिपद काढून ते त्यांनी आपल्या तान्ह्या मुलाच्या नावे केले. पटवर्धनांवर रोष धरून १७६३ च्या आरंभी त्यांचे मिरज घेतले. परिणाम असा झाला की, गोपाळराव पटवर्धनांसारखा कसलेला सरदार रागावून निजामास जाऊन मिळाला, आणि नागपूरचे जानोजी भोसलेही त्याच गोटात गेले. एकाच माणसाच्या अंगी पराकाष्ठेचे शैथिल्य आणि पराकाष्ठेचा कठोरपणा एका वर्षाच्या आत दिसावा, यात विरोध नाही. दोन मापे निराळी आहेत हे आम्ही वर सांगितले ते याचसाठी. जो नियमाने बांधलेला नाही तो आज लोभाने मऊ होतो आणि उद्या रागाने खरखरीत होतो; दोन्ही वेळी दोरी सैलच असते. रघुनाथरावांच्या शौर्याविषयी कोणी शंका घेणार नाही. त्यांनी उत्तरेत गाजविलेली तलवार प्रसिद्धच आहे. उणीव होती ती शौर्याची नव्हे, ताणाची.

मे १७६३ मध्ये निजाम अलीने पुणे लुटले आणि घरांस आगी लावल्या. पेशव्यांचे कुटुंब व दफ्तर सिंहगडाच्या आश्रयास गेले. उरुळीस जे सुटले होते त्याची ही किंमत होती, आणि ती ज्यांनी सोडले त्यांनी नव्हे, पुण्याच्या सामान्य नागरिकांनी भरली. शैथिल्याची ही एक खूणच म्हणावी लागेल. सौम्यतेचा खर्च बहुधा सौम्य होणारा आपल्या पदरचा करतो. शैथिल्याचे बिल मात्र तिऱ्हाइताच्या घरी जाते.

मराठ्यांनी उलट निजामाच्या मुलखात शिरून त्यास जेरीस आणले. जानोजी भोसल्यांस ३२ लाखांच्या मुलखाचे आश्वासन देऊन गुप्तपणे वळविण्यात आले. पावसाळा आला तसा निजाम अली औरंगाबादेकडे परतू लागला आणि राक्षसभुवनाशी गोदावरी उतरू लागला. तो स्वतः तोफखान्यासह उत्तर तीरास गेला. दिवाण विठ्ठल सुंदर काही फौजेनिशी दक्षिण तीरावर मागे राहिला. नदी पावसाळ्यातली, शत्रू पाठीवर, आणि सैन्य दोन काठांवर दुभंगलेले! निजाम अली काही दयाळू म्हणून प्रसिद्ध नव्हता. पुण्याच्या राखेने त्याची साक्ष दिलीच होती. तरी ऐन वेळी सैल सुटला तो त्याचाच बंदोबस्त.

१० ऑगस्टला मराठे दक्षिण तीरावरील फौजेवर तुटून पडले. लढाई तुंबळ झाली. एका वेळी रघुनाथरावांचा हत्ती शत्रूंनी घेरला आणि ते हाती सापडतात की काय असा प्रसंग आला, तेव्हा माधवरावांनी ताज्या दमाच्या फौजेनिशी चाल करून त्यांस सोडविले. विठ्ठल सुंदर मारला गेला. पैलतीरावर उभ्या असलेल्या निजाम अलीस मधल्या पाण्यामुळे काही करता आले नाही. माधवरावांचे वय त्या वेळी अठरा वर्षांचे होते.

आमच्या विषयाच्या दृष्टीने लढाईपेक्षा तिच्यानंतरचे वर्तन अधिक बोधप्रद आहे. गोपाळराव पटवर्धन शत्रूस मिळाले होते. त्या काळच्या रीतीने त्यांचा सर्वनाश केला असता तरी कोणी नवल मानले नसते. परंतु त्यांस पुन्हा पदरी घेऊन मिरज परत देण्यात आले. भवानरावासही प्रतिनिधिपद पुन्हा मिळाले. हा ढिलेपणा नव्हे. अपराध कोणाचा, त्याचे मूळ कशात, आणि माणूस पुढे उपयोगाचा आहे की नाही, हे सर्व पाहून केलेली ती क्षमा होती. पटवर्धनांनी पुढे पेशवाईची जी एकनिष्ठ सेवा केली, तिने या क्षमेचे सार्थक केले. जानोजींचे प्रकरण याउलट. त्यांस कबूल केलेला मुलूख मिळाला. पण दोन्ही पक्षांशी खेळण्याची त्यांची चाल माधवरावांच्या नजरेतून सुटली नव्हती. १७६६ मध्ये त्या ३२ लाखांपैकी २४ लाखांचा मुलूख त्यांस परत करावा लागला. जेथे सोडावयाचे तेथे सोडले, जेथे आवळावयाचे तेथे आवळले. टोक मात्र दोन्ही वेळी मुठीतच होते.

खुद्द निजाम अलीशी २५ सप्टेंबर १७६३ रोजी औरंगाबादेस तह झाला आणि ८२ लाखांचा मुलूख पेशव्यांकडे आला. त्याचे राज्यच का बुडविले नाही, असा प्रश्न पुष्कळांनी केला आहे. आमच्या मते जे घ्यावयाचे ते मोजून घेतले आणि जे सोडावयाचे ते समजून सोडले, तेव्हा त्यास फार तर सौम्यता म्हणता येईल. उरुळीच्या तहाशी याची तुलना केली म्हणजे दोन विशेषणांचे अंतर आपोआप स्पष्ट होते.

माधवरावांस या गुणाची जोपासना करावी लागली, तो त्यांस आयता मिळालेला नव्हता. स्वभावाने ते तापट होते. शिवाय त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीची एक हकिकत ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केली आहे. माधवराव जपतपात फार वेळ घालवू लागले, तेव्हा न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी काशीस जाण्याची अनुज्ञा मागितली. कारण विचारता त्यांनी स्पष्ट सांगितले की, ब्राह्मणाने राज्य पत्करले तर प्रजेचे रक्षण हेच त्याचे अनुष्ठान. ते करावयाचे नसेल तर दोघांनीही गंगातीरी जाऊन बसावे. माधवराव समजले आणि कारभारास लागले. या कथेत एक मर्म आहे. शैथिल्य केवळ आळसातून किंवा लोभातून येते असे नाही. ते सद्‌गुणाच्या पोटीही जन्मास येते. देवघरात बसलेल्या पुण्यवान माणसाच्या हातूनही कासरा सुटतो. आणि रामशास्त्र्यांचा कडकपणा पाहा: त्यात एकही खरखरीत शब्द नाही. ताण पूर्ण, स्पर्श मृदु.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निवर्तले. पुढल्या वर्षी नारायणरावांचा खून होऊन रघुनाथराव पेशवे झाले आणि निजाम अलीवर चालून गेले. त्यांनी २० लाखांचा मुलूख मिळविला. आणि निजामाने आर्जवाने बोलून औदार्याची स्तुती करताच तो त्यास परत देऊन टाकला, असे डफनेच लिहिले आहे. ज्यास हे दान केले तोच निजाम अली पुढल्या वर्षी बारभाईंच्या पक्षास जाऊन मिळाला. बारा वर्षांपूर्वी उरुळीस जे झाले होते त्याचीच ही पुनरावृत्ती. स्तुतीने सुटलेल्या गोष्टीस दान म्हणू नये. तिला सांडणे म्हणावे.

राजकारणातून घरात उतरले तरी हिशेब हाच राहतो. मुलाची चूक आईबापांनी पाहिली, ती चूक आहे हे त्यास कळले, आणि मग शिक्षा माफ झाली, तर त्या घरात प्रेमही राहते आणि शिस्तही. चूक पाहावयास कोणास वेळच नव्हता म्हणून मूल सुटले, तर त्या मोकळेपणास प्रेम म्हणण्याचा आपला हक्क नाही. आणि वर्षभर न पाहता एके दिवशी एकदम संतापून छडी उचलणारा बाप स्वतःस कडक समजत असेल, तर त्याने रघुनाथरावांचे १७६२ आणि १७६३ हे दोन संवत्सर पुन्हा वाचावे. शाळेस, संस्थेस, नगरपालिकेस हेच लागू आहे. सवलत द्यावयाची तर नियम आधी जागा असावा लागतो; झोपलेल्या नियमास सवलत देता येत नाही.

पैठणला १९७६ मध्ये जायकवाडीचे धरण पुरे झाल्यापासून राक्षसभुवनापुढची गोदावरी पूर्वीची राहिलेली नाही. धरण भरले की दरवाजे उघडून पाणी सोडतात, आणि खालच्या गावांस त्याची आगाऊ सूचना देतात. सोडलेल्या पाण्यापासून गावे सावध राहू शकतात. सुटलेल्या पाण्यापासून नाही. आणि ज्या देवतेसाठी लोक या गावी जातात तिचे नावही आमच्या विषयास फार जवळचे आहे. शनैश्चर म्हणजे सावकाश चालणारा. त्यास मंद असेही म्हणतात. पण तो शिथिल आहे असे म्हणण्याचे धाडस आजवर कोणी केले नाही. तो उशिरा येतो, परंतु त्याच्या वहीतून काही सुटत नाही, अशीच लोकांची श्रद्धा आहे. मंद आणि शिथिल यांतला भेद ज्या समाजाने आपल्या दैवतांत इतका नेमका ओळखला, त्याने सौम्य आणि शिथिल यांतला भेद माणसांत ओळखू नये, असे काही नाही. यापुढे ‘लॅक्स’चा प्रतिशब्द शोधणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही कोशाबरोबर एवढा एकच प्रश्न देऊ: दोरी सैल आहे हे दिसलेच, तिचे टोक कोणाच्या हाती आहे?